सात हजार मेल आणि ई-चं बटण

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेच्या मेलबॉक्समध्ये सात हजार तीनशे बेचाळीस मेल होत्या. आकडा वहीत लिहिलेला आहे, म्हणून नेमका सांगते. मला सगळ्याच्या याद्या करायची सवय आहे. घरचे त्यावर हसतात, पण हरवलेली किल्ली मलाच विचारतात.

शाळा भोकरदनची. मी तिथं कनिष्ठ लिपिक. शेजारच्या टेबलावर मुख्य लिपिक, ज्यांना मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे भाऊसाहेब म्हणायचे. मे अखेरीस ते निवृत्त होणार होते. कागदावर त्यांचा जन्म एक जूनचा. आमच्याकडे निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचाच असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडायची. त्यामुळं मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी जिल्ह्यातल्या किती कार्यालयांत हारतुरे आणि पेढे होत असतील याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

निवृत्त होणारा लिपिक पुढच्याला चार्ज देतो. कपाटं, रजिस्टरं, शिक्के, किल्ल्या असं सगळं यादीत लिहायचं, देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं सही करायची. त्या यादीत शेवटचा रकाना असतो: प्रलंबित टपाल. तिथं सगळेच 'निरंक' लिहितात. निरंक म्हणजे काहीही शिल्लक नाही. तो रकाना कोणी वाचत नाही, आणि खरं काय ते सगळ्यांना माहीत असतं.

भाऊसाहेबांना तो शब्द खरा लिहायचा होता. तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला टेबलावर कागद ठेवून उठायचं नव्हतं. अडचण एवढीच होती की त्यांची नजर जात चालली होती. काचबिंदू. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ती टिकवू, गेलेली परत येणार नाही. समोरचं अक्षर मोठं केलं तर त्यांना दिसायचं, बाजूचं नाही. पडद्यावरचा माऊसचा बाण तर अजिबात नाही.

"माशी बसावी अन् उडावी तसं हे बाणाचं," ते मला म्हणाले. "शोधून राह्यलो तं शोधतच बसतो. तवर मेल काय होती तेच इसरतो."

कागद असता तर त्यांनी केव्हाच निपटला असता. कागदाची त्यांची पद्धत पक्की होती. काम संपलं की कोपऱ्यात लाल पेनानं 'द. दा.' लिहायचं, म्हणजे दप्तरी दाखल, खाली सही आणि तारीख. त्याशिवाय कागद फायलीत जायचा नाही. मेल सुरू झाल्या तेव्हा तीच पद्धत त्यांनी मेलला लावली. ठळक अक्षरात दिसणारी, म्हणजे न वाचलेली मेल उघडायची, छापायची, आवकचा शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, पुढची कारवाई कागदावर. कागद दप्तरी गेला तरी मेल मात्र होती तिथंच राहायची. बारा वर्षांत पडद्यावरची एकही मेल कोणी जागेवरून हलवली नव्हती.

आमचे संगणकाचे सर तरुण आहेत. घरी उर्दू बोलतात आणि शाळेत ज्याला जी भाषा येईल ती. भाऊसाहेबांची अडचण कळल्यावर ते हसतच आले.

"भाऊसाहेब, टेन्शनच न्हाई. सगळं सिलेक्ट करायचं, आर्काइव्ह मारायचं, किस्सा खतम. एक मिनिटाचं काम."

"मंग त्या मेल जातील कुठं?"

"कुठंच न्हाई. आतच राहतील. शोधल्या की सापडतील. फक्त समोर दिसणार न्हाई."

"म्हंजे दप्तरी दाखल."

"बराबर!"

"सात हजार कागद न वाचता दप्तरी दाखल?" भाऊसाहेब म्हणाले. "सर, तुम्ही पेपर असे तपासता का? गठ्ठा उचलला, सगळ्यांला पास?"

"आता काय सांगू," सर माझ्याकडं बघून म्हणाले, "कधी कधी तेच करावं वाटतं."

पण ते गेले नाहीत. कीबोर्ड पुढं ओढून म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही टायपिंगला कीबोर्डाकडं बघता का?"

भाऊसाहेबांनी मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर दिली होती. कीबोर्डाकडं बघणाऱ्या माणसाला ते टायपिस्ट समजतच नव्हते.

"मंग माऊस फेकून द्या," सर म्हणाले.

त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डचे शॉर्टकट चालू केले. ते आधी बंद असतात, आणि ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. आणखी एक गोष्ट केली: एक मेल दप्तरी गेली की यादीकडं परत न जाता आपोआप पुढची मेल उघडेल असं करून ठेवलं. मग प्रश्नचिन्हाचं बटण दाबून दाखवलं. शॉर्टकटची लांबलचक यादी पडद्यावर आली. मी ती सगळी वहीत उतरवून घेतली, घरी जाऊन दोनदा वाचली आणि चार सोडून बाकीची खोडली. ई दाबलं की मेल दप्तरी. जे दाबलं की हात न लावता पुढं. एस म्हणजे चांदणी, परत बघायच्या मेलसाठी. झेड म्हणजे चुकलं, परत आणा. कामाला एवढं पुष्कळ झालं.

दुसऱ्या दिवशी चारला कार्यालयाची लोकांसाठीची खिडकी बंद झाल्यावर आम्ही बसलो. ते कीबोर्डसमोर, मी बाजूच्या खुर्चीत. विषय मी वाचायचा, निर्णय त्यांचा.

"मीच दाबते ना," मी म्हणाले. "जल्दी होईल."

"न्हाई ताई. सही ज्याची त्यानं करायची. ई म्हंजे माझी सही."

जे-च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावर ठेवलं, डाव्या हाताचं मधलं बोट ई-वर, आणि मान थोडी वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड केलं. पडद्याकडं बघायचं त्यांना कारणच उरलं नव्हतं.

पण ई दाबलं आणि काहीच झालं नाही. परत दाबलं, तरी नाही. सरांना हाक मारणार तेवढ्यात माझं लक्ष खालच्या कोपऱ्यात गेलं. कीबोर्ड मराठीवर होता. आमच्या कार्यालयातला तो कायम मराठीवरच असतो, आणि मराठीवर असताना शॉर्टकट ऐकतच नाहीत. इंग्रजीवर आणला आणि गाडी निघाली.

"शाळा सिद्धी माहिती तात्काळ सादर करणेबाबत."

"कोणतं साल?"

मी साल सांगितलं.

"गेली ती माहिती. दप्तरी." टक.

"माहिती अद्याप अप्राप्त, स्मरणपत्र दोन."

"त्याच्या दुसऱ्या दिवशी गेल्ती. दप्तरी." टक.

"स्मरणपत्र तीन."

"आपण पाठवल्यावर आलं व्हतं ते. त्यांनीबी आपली मेल बघितली नसंल." टक.

माऊसनं मी आदल्या दिवशी दहा मिनिटांत बावीस मेल केल्या होत्या. त्या दिवशी दहा मिनिटांत एकोणसाठ झाल्या. त्यातला वेळ वाचायलाच गेला, दाबायला काही नाही. मी आकडा सांगितला तेव्हा भाऊसाहेबांनी बोटं मोडली. पुढं रोज चार ते साडेपाच हा वेळ ठरला. वीज गेली की खंड, आणि एखाद्या मेलमागची जुनी गोष्ट निघाली की पहिल्या दिवसाचा वेग राहायचा नाही. वहीत मी रोजची शिल्लक लिहीत गेले.

त्या दीड तासांत मी जे शिकले ते कोणत्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कोणतं पत्र फक्त घाबरवण्यासाठी असतं, कोणत्या पत्राची शेवटची तारीख खरी असते, कोणत्या कार्यालयाला मेल पाठवून फोनही करावा लागतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी विषय वाचायचे आणि ते एका वाक्यात मागचा इतिहास सांगायचे. माझी वही दोनदा भरली. आज खिडकीवर कोणी आलं आणि मी पटकन उत्तर दिलं, की समोरच्याला मी हुशार वाटते. त्यातलं निम्मं त्या टक-टकमधलं आहे.

एप्रिलच्या मध्याला, शिल्लक तीन हजारांच्या खाली आली असताना, मी एक विषय वाचला: "दाखला मिळणेबाबत."

"कोणाकडून?"

नाव ओळखीचं नव्हतं. मेल चार वर्षांपूर्वीची होती. मी पूर्ण वाचली. लिहिणारी बाई आमच्या शाळेत सातवीपर्यंत होती. आता अंकुशनगरला राहते. घर बदलताना शाळा सोडल्याचा दाखला हरवला. अंगणवाडी मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे. इतक्या लांबून नुसतं विचारायला यायचं तर अख्खा दिवस जातो, लेकरू लहान आहे, म्हणून मेल करते. कधी येऊ आणि काय काय आणू ते कळवावे.

"आवक नंबर बघा," भाऊसाहेब म्हणाले.

मी त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. नंबर नव्हता. छापलेलाच नव्हता. यादीत मात्र ती आम्ही उघडण्याआधीच वाचलेली, साध्या अक्षरांत होती.

कसं झालं ते समजायला आम्हाला पाच मिनिटं लागली. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी शाळेची मेल आपल्या मोबाइलवर घेतलेली होती. सकाळी घरी चहा पिताना ते मेल उघडायचे. त्यांनी उघडली की अक्षरं साधी व्हायची. आम्ही कार्यालयात येऊन फक्त ठळक अक्षरं बघायचो. म्हणजे त्यांना वाटायचं, भाऊसाहेब बघतील. आणि भाऊसाहेबांना वाटायचं, साधं अक्षर म्हणजे काम झालेलं.

त्याच मेलखाली नऊ दिवसांनंतरची तिची दुसरी मेल जोडलेली होती. एकाच ओळीची. "सर, उद्या शेवटची तारीख आहे." त्यानंतर काही नव्हतं.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, चार वर्षं झाली. आता ती जागा भरून गेली असेल."

"जागा भरली असंल. पत्राचं उत्तर न्हाई गेलं."

"आता काय लिहायचं पण?"

"जे झालं ते." त्यांनी एस दाबलं. मग म्हणाले, "मला रिप्लाय उघडून द्या अन् तुम्ही चहा सांगून या. मी टाइप करतो."

मी परत आले तेव्हा ते हात मांडीवर ठेवून बसले होते. "वाचा बरं, चुकलं असंल तं सांगा."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा होता. अख्खं पानभर. शॉर्टकटसाठी मी कीबोर्ड इंग्रजीवर ठेवला होता आणि त्यांची बोटं मराठीवर चालली होती. पडदा त्यांना दिसत नव्हता आणि बोटांवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. चूक माझी होती; जाताना कीबोर्ड बदलायचा मी विसरले होते. तसं सांगितलं.

"म्हंजे काय दिसून राह्यलं?"

"झेड, एक्स, आकडे... काहीही."

ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाईला पाठवलं असतं तं म्हणाली असती, चार सालानं उत्तर आलं अन् तेबी असं!"

मी कीबोर्ड मराठीवर केला. त्यांनी पत्र पहिल्यापासून परत टाइप केलं. आपली दोन पत्रं आमच्याकडून वाचायची राहिली. त्यामुळं आपली संधी गेली असल्यास तो दोष या कार्यालयाचा आहे. दाखल्याची गरज अजून असल्यास प्रतिज्ञापत्र घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी यावे, त्याच दिवशी दाखला दिला जाईल. खाली नाव, हुद्दा. 'दिलगिरी व्यक्त करतो' हे मीच सुचवलं, त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाले, "दोष आहे म्हणलं की आलं त्यात सगळं."

त्या दिवशी त्यांनी दोन्ही मेल छापायला लावल्या आणि चार वर्षांनी त्यांना आवक नंबर टाकला.

त्यानंतर मी ठळक अक्षरांवर विश्वास ठेवणं सोडलं. अशा आणखी अकरा मेल निघाल्या. काहींचं काम दुसऱ्या मार्गानं झालं होतं, काही फोनवर मिटल्या. एका माजी विद्यार्थ्याला तर मेल केल्याचंच आठवत नव्हतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मेलबॉक्समध्ये एकच मेल राहिली. दाखला मिळणेबाबत. उत्तर आलं नव्हतं. तिनं मेलमध्ये फोन नंबर दिला होता. तो आता दुसऱ्याच कोणाचा होता.

शेवटच्या दिवशी चार्जची यादी टेबलावर आली. आत्ताचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, बाजूला उभे होते, हार पिशवीत तयार होता, पेढ्यांचा बॉक्स उघडायचा बाकी. मी यादी वाचत गेले आणि शेवटच्या रकान्याशी थांबले.

"निरंक लिहा ना मॅडम," मोठे सर म्हणाले. "सात हजार होत्या. एका मेलनं काय होतं?"

"सर, एक आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"अहो पण तुम्ही उत्तर दिलंय की. तुमच्याकडून काम संपलं."

"उत्तर दिलं. तिला मिळालं का न्हाई कुठं माहीत आहे? ताई, लिहा. प्रलंबित टपाल, एक. विषय लिहा. आवक नंबर लिहा."

मला वाईट वाटलं. अडीच महिने रोज दीड तास, तेही त्या एका शब्दासाठी. मी त्यांच्याकडं बघितलं. ते शांत होते. मग मी लिहिलं. सहीची जागा त्यांना दिसत नव्हती म्हणून मी त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं, आणि त्यांनी त्याच्या पुढं सही केली. खाली घेणार म्हणून माझी. मोठ्या सरांनी मान हलवली, पण त्यांनीही सही केली. आमच्या शाळेच्या दप्तरात मी मागच्या सगळ्या चार्ज याद्या नंतर काढून बघितल्या. निरंक नसलेली ती एकच आहे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिची मेल आली. जुना मेल आयडी ती वापरत नव्हती. कुठल्यातरी फॉर्मसाठी उघडला तेव्हा आमचं पत्र दिसलं. अंगणवाडीची ती जागा दुसऱ्या बाईला मिळाली होती. पण दाखला हवा होता. तिला बाहेरून दहावीची परीक्षा द्यायची होती, आणि त्या सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो.

मी दिवस कळवला. ती जालन्याला बस बदलून आली, प्रतिज्ञापत्र घेऊन. पस्तिशीची, चुणचुणीत. मी जनरल रजिस्टरमधून नोंद काढली, दाखला लिहिला, मोठ्या सरांची सही घेतली. पाऊण तास लागला. तेवढ्यात तिनं विचारलं, "ते पत्र लिवणारे भाऊसाहेब कोणते?"

निवृत्त झाले म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मी फोन लावून तिच्या हातात दिला.

"काका, मी अंकुशनगरहून आल्ते. दाखलेवाली," ती म्हणाली. पलीकडून ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. ती ऐकत होती आणि मधूनच म्हणत होती, "न्हाई, न्हाई. राहू द्या काका. तुम्ही लिवलं तं. कोण लिवतं?" मग एकदम हसली. "माझ्या सासूला वाचून दाखवलं मी ते. सासू म्हणली, सरकारी माणूस असं लिवतच नसतो, नीट बघ, कोणीतरी फसवून राह्यलं असंल."

फोन माझ्याकडं आला.

"ताई, दाखला दिला?"

"दिला. पोच घेतली. आता करते दप्तरी."

"थांबा की. तिला दाखला कशाला पाहिजे व्हता?"

"फॉर्मला."

"मंग फॉर्म भरला का?"

माझं बोट ई-वरच होतं. उचललं. तिला खुर्ची दिली आणि अंकुशनगरच्या जवळ कोणत्या शाळेत हा फॉर्म स्वीकारतात ते दोन फोन करून शोधलं. शेवटची तारीख, लागणारे कागद, कोणाला भेटायचं, हे एका कागदावर लिहून तिला दिलं. ती चारच्या बसनं गेली. फॉर्म भरल्याच्या पावतीचा फोटो तिनं पाठवला तेव्हा मी ती मेल दप्तरी केली आणि भाऊसाहेबांना फोनवर कळवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. डोळ्यांत औषध टाकून पडले होते. मग म्हणाले, "इंग्रजी कोण शिकवतं तिला?"

"मला काय माहीत भाऊसाहेब."

"मंग इचारा की."

विचारलं. इंग्रजीला ती शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंकडं संध्याकाळी जाते. गणिताचं अजून कोणी मिळालेलं नाही. आमच्या संगणकाच्या सरांना मी काल त्याबद्दल विचारलं आहे. रविवारी फोनवर शिकवायला जमेल का ते आज सांगतो म्हणाले.